कोळसा खाणीत दुखापत झाली तर: पहिल्या तासापासून भरपाईच्या अर्जापर्यंत

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमध्ये कामावरची दुखापत म्हटली की अजूनही नंदानगरचे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आठवते. आजोबा किंवा वडील मिलमध्ये असत, बोट यंत्रात गेले की ईएसआयचे कार्ड घेऊन नंदानगर गाठायचे आणि पुढचे सगळे तिथे ठरायचे. आता त्याच घरांतला एखादा मुलगा, जावई किंवा मेहुणा बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेड्याला, नाहीतर छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया-जुन्नारदेवच्या खाणपट्ट्यात नोकरीला असतो आणि सणावाराला पेंचव्हॅली एक्सप्रेसने घरी येतो. अशा कुटुंबाने सर्वांत आधी ध्यानात घ्यायचे ते हे, की ईएसआयच्या कायद्यात 'कारखाना' या व्याख्येतून खाण वगळलेली होती. त्यामुळे खाणकामगाराचा उपचार, पगार आणि भरपाई या तिन्ही गोष्टींसाठी ईएसआयकडे नव्हे, तर थेट खाणमालकाकडे पाहावे लागते. कार्ड दाखवले की काम झाले, असा हा प्रकार नाही. इथे दुखापत कुठे, केव्हा आणि कोणते काम करताना झाली याची नोंद कामगाराच्या बाजूने उभी असावी लागते, आणि ती पहिल्या काही तासांतच उभी राहते किंवा कायमची निसटते.

कोणत्या दुखापती नेहमी होतात

भूमिगत खाणीतला सर्वांत मोठा धोका छत आणि बाजूच्या भिंती कोसळण्याचा असतो. 6 मार्च 2025 रोजी पाथाखेडा भागातल्या छतरपूर-1 खाणीत छत कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला. नुकताच कोळसा काढल्यामुळे उघडे पडलेले आणि अजून बोल्ट किंवा टेकू न बसवलेले छत, ज्याला खाणीत 'ग्रीन रूफ' म्हणतात, त्याखाली पाऊल टाकायचे नाही हा पहिला नियम आहे. छत तपासण्याची रीतही ठरलेली आहे. पाळीच्या कामावर देखरेख करणारा अनुभवी ओव्हरमन किंवा सरदार आधार दिलेल्या जागेत उभा राहून एका हाताने सळई छताला ठोकतो आणि दुसऱ्या हाताची बोटे छताला टेकवून ठेवतो. पक्के छत खणखणीत वाजते, सुटलेले छत पोकळ बोलते आणि बोटांखाली थरथरते. नव्या कामगाराने हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहिलेले असावे.

मृत्यूच्या बातम्या छताच्या असतात, पण रोजच्या रोज दवाखान्यात येणाऱ्या दुखापती वेगळ्या असतात. कोळशाचे टब (डबे) एकमेकांना जोडताना कपलिंगमध्ये चेंगरलेले बोट, ते टब ओढणाऱ्या हॉलेजच्या दोराचा फटका, ओल्या उतारावर घसरून मुरगळलेला घोटा आणि जड खांब उचलताना भरलेली कंबर हे त्यातले नेहमीचे प्रकार होत. कोळसा वाहून नेणाऱ्या चालू पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्याने ओढताना ड्रममध्ये हात ओढला जातो, आणि अशा वेळी गळ्यातला गमछा किंवा सैल बाही जीवघेणी ठरते. उघड्या खाणीत चित्र बदलते. तिथे डंपरचालकाला न दिसणाऱ्या बाजूला उभा असलेला माणूस, डंपरच्या शिडीवरून उडी मारून उतरताना मोडलेला पाय आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी झिजलेली कंबर अधिक आढळते. सुरुंग न उडालेल्या भोकात किंवा त्याच्या उरलेल्या बुडख्यात पुन्हा ड्रिल लावल्याने होणारे स्फोट दोन्हीकडे होतात.

जागेवर काय करावे

माणूस दबलेला दिसला की धाव घेण्याची इच्छा होते, परंतु छताचा एक भाग कोसळल्यानंतर दुसरा कोसळण्याचा संभव मोठा असतो. आधी ओव्हरमनला निरोप पाठवावा, छत ठोकून पाहावे, तात्पुरता टेकू लावावा आणि मगच आत हात घालावा. वायूच्या बाबतीत तर हा नियम आणखी कडक पाळावा. जुन्या, बंद पडलेल्या भागात कोणी बेशुद्ध पडला असेल, तर त्याच्यामागे विनासाधन जाणारा दुसरा आणि तिसराही तिथेच पडतो. अशा ठिकाणी श्वासाचे स्वतंत्र उपकरण असलेले बचाव पथकच आत जाऊ शकते, बाकीच्यांनी ताज्या हवेत थांबावे.

दबलेल्या माणसाविषयी एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती पुष्कळ चांगल्या मदतनिसांनाही माहीत नसते. मांडी किंवा पाय बराच वेळ दगडाखाली राहिला, तर दबलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि इतर द्रव्ये साठत जातात, आणि दगड उचलताच ती एकदम रक्तात मिसळून हृदय थांबू शकते किंवा पुढच्या दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आतापर्यंत बोलत असलेला माणूस बाहेर काढताच मरण पावला, असे जे ऐकू येते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून दबून पंधरा मिनिटे झाली नसतील तर ताबडतोब मोकळे करावे; त्याहून अधिक वेळ गेला असेल आणि डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारक पोहोचण्यासारखा असेल, तर शिरेतून सलाईन सुरू करून मगच वजन हलवावे. मात्र श्वास अडकला असेल, छाती दबली असेल किंवा छत पुन्हा येण्याची भीती असेल, तर वाट पाहू नये. कोणत्याही परिस्थितीत दबल्याची आणि सोडवल्याची वेळ कुणीतरी लिहून ठेवावी, आणि ती चिठ्ठी रुग्णासोबत डॉक्टरांच्या हाती पोहोचवावी. पुढच्या दोन दिवसांत लघवी चहासारखी गडद दिसली किंवा कमी झाली, तर ते लगेच सांगावे.

पाठीवर किंवा मानेवर मार असेल तर दोघांनी हातापायांना धरून उचलण्याची सवय घातक ठरते. एकाने डोके आणि मान सरळ रेषेत धरावी, बाकी तिघांनी खांदे, कंबर आणि पाय धरून त्याच्या इशाऱ्यावर सर्व शरीर एकदम कुशीवर वळवावे आणि खाली स्ट्रेचर सरकवावे. खाणीचा रस्ता चढाचा आणि लांब असतो, म्हणून पट्टे बांधल्याशिवाय स्ट्रेचर उचलू नये.

रक्तस्रावासाठी जखमेवर थेट आणि सलग दाब द्यावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहण्याने बसलेली गाठ सुटते. हात किंवा पाय तुटून रक्त उसळत असेल तर जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टी आवळावी, वेळ लिहावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती सैल करू नये. तुटलेले बोट मिळाल्यास ते सलाईनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते जोडण्याच्या लायकीचे उरत नाही.

विजेचा झटका बसलेल्याला हात लावण्यापूर्वी पुरवठा स्विचवरून बंद करावा. श्वास आणि नाडी नसेल तर छातीवर दाब देणे तिथेच सुरू करावे, आणि माणूस उठून बसला, बोलू लागला तरीही त्याचा ईसीजी काढल्याशिवाय त्याला पाळीवर परत पाठवू नये. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी पुरे. हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावल्याने जखमेची खोली डॉक्टरांना दिसत नाही. डोळ्यात धूळ असेल तर पाण्याने धुवावी, पण रुतलेला कण काढण्याचा प्रयत्न न करता डोळ्यावर दाब न येईल असे आवरण ठेवून रुग्णालयात न्यावे.

आग किंवा स्फोटानंतर बाहेर आलेल्या माणसाच्या बाबतीत एक फसवी गोष्ट घडते. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा 98 किंवा 99 दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. ते साधे उपकरण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ऑक्सिजनने भरलेले समजते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेले बोलणे यांपैकी काहीही असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, मास्कने भरपूर ऑक्सिजन द्यावा आणि डॉक्टरांना 'खाणीतल्या धुरात होता' हे शब्द स्पष्ट सांगावेत, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील.

किरकोळ खरचटण्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या खाणकामगाराच्या कपाळावर, कोपरावर किंवा पाठीच्या कण्यावर निळसर-काळे व्रण दिसतात. ती गोंदवण नसते, जखम भरताना कातडीखाली राहिलेली कोळशाची धूळ असते. जखम त्याच दिवशी साबण-पाण्याने आणि मऊ ब्रशने नीट धुतली, तर हे व्रण टळतात आणि पू होण्याची शक्यताही कमी होते. धनुर्वाताची सुई घेतली आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

नोंद: इथेच बहुतेक घरे कमी पडतात

1952 च्या खाण कायद्याखाली हाड मोडणे, अवयव किंवा त्याचा उपयोग कायमचा जाणे, दृष्टी अथवा श्रवण यांची कायमची हानी होणे हे 'गंभीर शारीरिक दुखापत' मानले जाई, आणि त्याखालोखाल, 72 तास किंवा अधिक काळ कामावर येता न येणारी दुखापत कळवण्यायोग्य ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 48 तासांवर आली आहे. मर्यादेच्या आत काम सुरू झाले तर घटना कागदावर येत नाही, आणि काही ठिकाणी चालणाऱ्या एका प्रथेचे मूळ याच तरतुदीत आहे. बोटाला टाके पडलेल्या माणसाला सांगितले जाते, की रजा टाकू नकोस, बत्तीघरात (खाणीचे दिवे ठेवण्याच्या खोलीत) नुसता येऊन बस, हाजरी लागेल. कामगाराला पूर्ण पगार मिळतो, तोही खूश असतो. सहा महिन्यांनी तेच बोट वाकेनासे झाले किंवा कापावे लागले, की हाजरीपटावर तो दुसऱ्या दिवशी कामावर असल्याचे दिसते आणि दुखापत घरी झाली असेल, असे उत्तर मिळते. बसून मिळणारी हाजरी हा उपकार नव्हे, आणि डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली असेल तर अशी हाजरी नाकारावी, हे माझे स्पष्ट मत आहे. कोल इंडियाच्या उपकंपन्यांतल्या कायम कामगारांना वेतन करारानुसार कामावरच्या दुखापतीच्या काळाचे वेतन मिळते, ज्याला सगळे 'आयओडी' (इंज्युरी ऑन ड्यूटी) म्हणतात, त्यामुळे पगार बुडण्याची भीतीही फारशी खरी नसते.

दुखापत लहान असली तरी त्याच पाळीत ओव्हरमन किंवा सरदाराला सांगावे, खाणीच्या प्रथमोपचार केंद्रातल्या रजिस्टरमध्ये नोंद करवून घ्यावी आणि शक्य झाल्यास त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. भूमिगत भागात मोबाइल नेता येत नाही, म्हणून हे वर आल्यावर करायचे. सोबत असलेल्या दोघा सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. दवाखान्याच्या केसपेपरवर 'पडल्याचा इतिहास' एवढेच लिहिले जाते. तिथे 'खाणीत, अमुक पाळीत, अमुक काम करताना' हे शब्द आग्रहाने लिहवून घ्यावेत. डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या ठिकाणी बचावकार्याखेरीज काहीही हलवू नये असा नियम आहे, म्हणजे निरीक्षक येईपर्यंत पुरावा तसाच राहतो. देखरेख करणाऱ्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मुख्यालय धनबादला आहे. मोठ्या खाणीत कामगारांच्या बाजूचा निरीक्षक आणि सुरक्षा समिती असते. त्यांना लेखी कळवलेले निवेदन पुढे साक्षीसारखे उपयोगी पडते.

इंदूरला फोन येतो तेव्हा घरचे बहुधा 'शुद्धीवर आहेत ना?' एवढेच विचारू शकतात. पण त्याच फोनवर वहिनींनी किंवा भाऊजींनी आणखी चार गोष्टी विचाराव्यात: अपघात किती वाजता झाला, सोबत कोण होते, कोणत्या रुग्णालयात नेले आहे आणि नोंद कोणी केली. उत्तरे तारखेसह वहीत उतरवून ठेवावीत.

इंदूरला आणावे का

रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर असावा, इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात ओळखीचे डॉक्टर आहेत, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु छिंदवाडा जिल्ह्यातल्या पेंच व कन्हान भागांच्या आणि पाथाखेड्याच्या खाणी ज्या कंपनीच्या आहेत तिचे मुख्यालय नागपूरला आहे, त्यामुळे पुढच्या उपचारासाठी पाठवण्याचा नेहमीचा रस्ता नागपूरकडे जातो. कंपनीच्या रुग्णालयाचे रेफरल पत्र न घेता रुग्णाला परस्पर इंदूरच्या खासगी रुग्णालयात दाखल केले, तर बिलाची परतफेड अडते आणि महिनोन्‌महिने फाइल फिरत राहते. आणायचेच असेल तर रेफरल पत्र, आतापर्यंतचे एक्स-रे आणि केसपेपरची प्रत हाती घेऊनच निघावे, आणि इथल्या रुग्णालयात दाखल करताना कामावरचा अपघात म्हणून वैद्यकीय-कायदेशीर नोंद करण्यास सांगावे. मणक्याचा रुग्ण असेल तर बैतूल-हरदा मार्गाचा लांब रस्ता खासगी गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून मुळीच करू नये.

हळूहळू येणारी दुखापत

फुफ्फुसात साठणारी कोळशाची धूळ आणि कानाचे नुकसान हेही कामाचेच नुकसान आहे. कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार, हा अधिसूचित (सरकारला कळवावा लागणारा) आजार आहे. खोकला आणि दम लागणाऱ्या खाणकामगाराला पुष्कळदा थुंकीच्या तपासणीत काही न सापडताही क्षयाची औषधे सुरू केली जातात, म्हणून इंदूरच्या डॉक्टरांना 'इतकी वर्षे खाणीत' हे आधी सांगावे. खाणीत किमान पाच वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी होते; तिचे अहवाल आणि छातीचे एक्स-रे निवृत्तीनंतरही फेकू नयेत.

भरपाईचा हिशेब आणि अर्ज

जवळजवळ शंभर वर्षे ही भरपाई 1923 च्या कायद्याने मिळत आली. आता त्या तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, हिशेबाची पद्धत मात्र तीच राहिली आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, मृत्यूसाठी 50 टक्क्यांना. अंशतः अपंगत्व असेल तर त्या रकमेचा ठरावीक हिस्सा मिळतो: अंगठा गेल्यास 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के, एक डोळा गेल्यास आणि दुसरा चांगला असल्यास 40 टक्के. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी 2020 च्या अधिसूचनेतली महिना 15,000 रुपयांची मर्यादा धरली, तर 40 वर्षांच्या कामगाराचा गुणक 184.17 आहे, म्हणजे 9,000 गुणिले 184.17 हे 16,57,530 रुपये होतात आणि अंगठ्याचे 30 टक्के 4,97,259 रुपये होतात. कुणी पन्नास हजारांत 'मिटवून टाकू' म्हणाले, तर हा आकडा समोर ठेवावा.

ठेकेदाराच्या मजुरांनी खास लक्षात ठेवावे की ठेकेदार गायब झाला तरी मूळ खाणमालकाची जबाबदारी संपत नाही. भरपाई त्याच्याकडून मागता येते. त्यासाठी खाणीत प्रवेशाचा पास, हाजरीची कोणतीही चिठ्ठी, व्यावसायिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि बँकेत पगार जमा झाल्याची नोंद जपून ठेवावी, कारण अपघातानंतर ठेकेदाराचा पहिला दावा 'हा माझा माणूसच नव्हे' असा असतो. कामगार सुरक्षा नियम मोडून काम करत होता, हा मालकाचा बचावही मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणांत चालत नाही.

मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हाती दिली, तर ती कायद्याने भरपाई मानली जात नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करण्याची वेळ आली, की हे वाक्य आठवावे. भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात न दिल्यास 12 टक्के व्याज लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो.

इंदूरकरांसाठी सोयीची तरतूद अशी, की दावा अपघाताच्या जिल्ह्यातच लावला पाहिजे असे नाही. जखमी किंवा त्याची अवलंबून असलेली माणसे जिथे कायम राहतात, त्या भागातल्या सक्षम अधिकाऱ्याकडेही तो दाखल करता येतो. म्हणजे रामबागेत राहणाऱ्या पत्नीला प्रत्येक तारखेला बैतूल गाठावे लागत नाही, फक्त तिचे इथले वास्तव्य दाखवणारे आधार किंवा शिधापत्रिका, आणि वर सांगितलेली कागदपत्रे दोन प्रतींत तयार हवीत. वकील नेमण्याआधी अपघाताची सूचना सुरक्षा महासंचालनालयाकडे गेली होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारून घ्यावे. ती गेली असेल तर प्रकरणाचा अर्धा भाग सिद्ध झालेला असतो, आणि गेली नसेल तर प्रथमोपचाराच्या रजिस्टरचा तो फोटो पहिल्याच अर्जाला जोडावा.